डाव्या बाजूची गाठ

भगवंताचं दाढीचं सामान न्हाणीतल्या फळीवरून हललं, तेव्हा काशीची खात्री झाली की घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

रेझर, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश झाकणाच्या एका डब्यात गेले होते आणि डबा वरच्या कप्प्यात. धर्मेशचं सामान होतं तिथंच होतं. हे काम सुनेचं, जिज्ञासाचं. जिज्ञासा कात्रपच्या शाळेत शिकवायची, तिला टापटीप लागायची, हे काशीला मान्य होतं. पण टापटीप करणारी बाई सगळ्या घराची करते, एकट्या सासऱ्याची नाही.

मूतखड्यासाठी म्हणून भगवंताची सोनोग्राफी केली होती. खडा होताच, पण तपासणारी बाई मशीन वर सरकवता सरकवता बरगडीखाली थांबली आणि तिथंच फिरवत राहिली. मग उल्हासनगरला सीटी स्कॅन झालं, रक्तं झाली. काशीच्या कानावर एवढंच आलं की लिव्हरच्या डाव्या बाजूला गाठ आहे. बाकीचं धर्मेश आणि जिज्ञासा दार लोटून बोलायचे आणि ती चहा घेऊन गेली की जिज्ञासा उगाच विचारायची, "आई, दूधवाला आला का?"

त्यात तिचं स्वतःचं रक्त काढलं. "शुगर बघू या तुमची," असं सून म्हणाली होती. काशीनं नुकताच गोड चहा प्यायला होता. शुगर उपाशीपोटी बघतात हे तिला काय माहीत नव्हतं? तिनं गुमान हात पुढे केला, पण सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि शुगर किती निघाली हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

बदलापुरातल्या खरवईच्या त्या बंगल्याच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर उभे राहिले होते. भाताच्या खाचरांची जागा गेली तरी अंगण राहिलं होतं, आणि अंगणापलीकडे भगवंताच्या धाकट्या भावाचं, हरिचंद्राचं घर. विटा-रेतीचा धंदा करणारा हरिचंद्र सकाळी झोपाळ्यावर येऊन बसायचा. त्या सकाळी काशी तांदूळ निवडत होती, तेव्हा त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"वयनी, मी बोललो तं वाईट दिसंल."

"मंग बोलू नका."

पण तो बोललाच. "भाऊ दारूला शिवत नाय. आख्ख्या गावाला ठाव हाय. मंग लिव्हर कशानं गेला? मी मोबाइलवर बघितला. दारूनं नाय तं एक घान आजार असतो, त्यानं जातो. तो रक्तातून येतो. नाय तं..." त्यानं पाय टेकवून झोपाळा थांबवला. "नाय तं बाईकडून. घरातल्यांचा रक्त तपासतात ते त्याच्यासाठीच."

काशीनं तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. तिचा हात थांबला नाही, पण पुढचे खडे तिला दिसले नाहीत.

भगवंत आयुष्यभर जांभूळच्या पाणी केंद्रात पंपावर होता. रात्रपाळ्या केल्या. रविवारी संध्याकाळी उल्हासनगरला लच्छूशेठच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसायचा, आठला येतो म्हणून दहाला यायचा. चाळीस वर्षांत तिला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आता एकेक रविवार उठून तिच्यासमोर उभा राहू लागला. लच्छूशेठच्या दुकानात गप्पा मारायला माणूस इतकी वर्षं जातो?

त्या दुपारी तिनं भगवंताला ताट वाढलं आणि समोर न बसता ओट्याशी उभी राहून जेवली. भगवंतानं दोनदा मागे वळून बघितलं. तो आधीच कमी बोलणारा माणूस. त्यानं काही विचारलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही याचाही तिनं अर्थ लावला.

*

खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं ठरलं तेव्हा हरिचंद्र स्वतःहून गाडीत बसला. "मोठे दवाखाने पोराटोरांना गुंडाळतात," असं त्याचं म्हणणं. धर्मेशला ते आवडलं नाही. धर्मेश अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, चुलत्याच्या तोंडी लागायची त्याला सवय नव्हती. तो गाडी चालवत राहिला. काशी मागे, भगवंत आणि जिज्ञासाच्या मध्ये. नवऱ्याचा खांदा खांद्याला लागत होता आणि ती अंग चोरून बसली होती.

डॉक्टर धम्मदीप साळवे चाळिशीचे होते. त्यांनी पडद्यावर भगवंताच्या पोटाचं चित्र लावलं आणि पेनानं दाखवलं.

"हे यकृत. उजवा भाग मोठा, डावा लहान. गाठ या डाव्या टोकाला आहे. लिंबापेक्षा थोडी मोठी. गाठ कॅन्सरची आहे, हे तुम्हाला मागेच सांगितलंय."

कोणाला सांगितलं, ते काशीला लगेच कळलं, कारण धर्मेशनं मान खाली घातली. तिनं भगवंताकडे बघितलं. भगवंत पडद्याकडे बघत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं. पाचांत फक्त आपण आणि हरिचंद्र आंधळे, असं तिच्या मनात आलं, आणि कॅन्सर या शब्दापेक्षा तिला ते जास्त लागलं.

"आता काय काय करता येईल ते सांगतो," डॉक्टर म्हणाले. "एक रस्ता म्हणजे बाहेरून सुई घालून गाठ जाळायची. गाठ लहान असती तर मी तेच म्हटलं असतं. पण ही मोठी आहे आणि जठराला चिकटून आहे. जाळताना जठराला चटका बसू शकतो आणि गाठीचा काठ मागे राहू शकतो. दुसरा रस्ता म्हणजे मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन गाठीच्या रक्तपुरवठ्यातच औषध सोडायचं. त्यानं गाठ दबते, पण समूळ जाईल असं नाही. ऑपरेशन झेपत नाही त्यांना आम्ही ते देतो."

"आणि ते लिव्हर बदलायचं?" धर्मेशनं विचारलं. "मी देऊ शकतो म्हणालात ना."

हेही तिला माहीत नव्हतं.

"देऊ शकाल. पण आज गरज नाही. यकृत थोडं कडक झालंय, तरी काम नीट करतंय. पोटात पाणी नाही, कावीळ नाही. म्हणून माझं मत, डावा तुकडा गाठीसकट काढावा. दुर्बिणीनं. पोट न फाडता."

हरिचंद्र एवढा वेळ दम धरून होता. "पोट न फाडता तुकडा काढनार. मंग तो येनार कुठून?"

"चार-पाच भोकं पाडायची, बोटाएवढी. पोटात गॅस भरून जागा करायची. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. तुकडा सुटला की आतच पिशवीत भरायचा आणि ओटीपोटाशी आडवा छोटा छेद घेऊन पिशवी बाहेर ओढायची. बायकांना सिझेरियनला घेतात तिथं, त्याहून लहान."

"म्हंजे हात आत जानार नाय. दिसत नाय ते कापनार."

"उलट, काका. कॅमेऱ्यात डोळ्यापेक्षा मोठं दिसतं. पण तुमची भीती खोटी नाही. रक्तस्राव आवरला नाही तर मी तिथल्या तिथं पोट उघडणार. त्याची परवानगी आधीच घेऊन ठेवतो. भोकं लहान ठेवायची म्हणून माणूस पणाला लावत नाही."

हरिचंद्रानं 'हं' केलं. ते पटल्याचं नव्हतं.

"डॉक्टर," काशी म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "गाठ कशी काढायची ते तुमी बोललात. झाली कशानं ते बोला."

जिज्ञासानं तिच्या हातावर हात ठेवला. काशीनं तो बाजूला केला.

"दारूनं नाय झाली, ते मला ठाव हाय. मंग बाईनं झाली का?"

भगवंतानं डोळे मिटले. डॉक्टरांनी धर्मेशकडे बघितलं. "यांना काहीच सांगितलं नाही तुम्ही?"

"कसं सांगायचं कळेना," धर्मेश म्हणाला. "गैरसमज होईल म्हणून..."

"तो झालाच की." डॉक्टरांनी खुर्ची काशीकडे वळवली. "आई, यांच्या रक्तात कावीळ बी नावाचा विषाणू आहे. वर्षानुवर्षं गुपचूप बसून त्यानं यकृत कडक केलं, त्यातून गाठ झाली. हा रक्तातून पसरतो. दूषित सुईनं, वस्तऱ्यानं, आणि हो, संबंधातूनही. पण मोठ्या माणसाला तसा लागला, तर बहुतेक वेळा शरीर त्याला परतवून लावतं. असा जन्मभर मुक्काम करून राहतो तो बहुतेक लहानपणी आलेला. जन्मताना, आईकडून. मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण अशा पेशंटमध्ये मी आधी आईचीच चौकशी करतो. यांच्या आई कशानं गेल्या?"

हरिचंद्र खिडकीबाहेर बघू लागला.

"पोटात पानी झालं व्हतं," काशीच म्हणाली. "पाय सुजलं. डोलं हलदीसारखं पिवलं. आन शेवटाला रक्ताची उलटी झाली. तवा मी लग्न होऊन आलेली. सहा महिने झालं व्हतं."

तिनं एवढंच सांगितलं. त्यानंतरचं नाही सांगितलं. सासू चांगुणाबाई गेली तेव्हा भगत बोलावला होता आणि तो म्हणाला होता, घरात वाईट पाऊल आलंय. पुढं कितीतरी पेरण्यांना काशीला बियाण्याला हात लावू दिला नव्हता. धर्मेश झाला तरी बारशाला एक म्हातारी म्हणालीच होती, पोर बापावर गेलं बरं झालं. ते डॉक्टरला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत होतं ते याच खोलीत बसले होते.

"हे तसंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "यांच्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं. सगळ्यांनी. आणि आई, तुमचा रिपोर्ट आलाय. तुमच्या रक्तात त्याच्या येऊन गेल्याची खूण आहे. तुमच्यापर्यंत पोचला होता तो, तुमच्या शरीरानं हाकलून दिला. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

काशीला ते नीट समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे ती शुगर नव्हती."

"नाही," जिज्ञासा हळूच म्हणाली.

परतीच्या वाटेवर हरिचंद्र एकदाच बोलला. "डॉक्टर लोकांना सगल्या घराला पेशंट करायचा असतो."

*

रविवारी भगवंताची बहीण गयाबाई अंबरनाथहून आली. भावाला बघायला म्हणून आली होती, पण हरिचंद्रानं तिला फाटकातच गाठलं असावं, कारण आत आली ती पदर खोचूनच. तिनं भगवंताच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्याशी दोन शब्द बोलली आणि स्वयंपाकघरात काशीसमोर येऊन बसली. मागोमाग हरिचंद्र दारात उभा राहिला.

"वयनी, आईनं दिला म्हनं भावाला आजार?"

"डॉक्टर बोलला तसं. मी नाय बोलले."

"डॉक्टरला आईचं सांगितलं कोनी?"

काशी भाकरी थापत होती. "त्यानं विचारलं, मी सांगितलं. तुमचा भाऊ इथं बसलेला, तो गप राहिला."

"मेलेल्या मानसावर ढकलायला काय लागतंय," गयाबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "आईच्या टायमाला लोक तुला बोलले, ते तू मनात धरून बसलीस. आता आईचं नाव काढून फेडून घेतेस. मला कळतंय."

काशीनं भाकरी तव्यावर टाकली. खरं सांगायचं तर त्या दिवशी गाडीत तिला बरं वाटलं होतं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. ते गयाबाईनं बरोबर ओळखलं होतं.

"तेच मी बोलतो," हरिचंद्र म्हणाला. "एकाचा आजार हाय, एकाला दवा करा. आमच्या रक्ताला कंला हात लावता? उद्या गावभर व्हईल, या घरात घान रोग हाय. माझ्या गाडीवर मानसं येतील का कामाला?"

जिज्ञासा बाहेरच्या खोलीतून आली. "काका, तो जेवणातून पसरत नाही, हात लावून पसरत नाही."

"तू मंग बाबांचा ब्रश वेगळा कंला ठेवलास?"

"ब्रश आणि रेझरला रक्त लागतं म्हणून. ताट वेगळं ठेवलं का मी? पेला?"

काशीनं चमकून सुनेकडे बघितलं. खरंच, ताट वेगळं नव्हतं. परवाच भगवंतानं अर्धी सोडलेली खीर जिज्ञासानं त्याच वाटीत खाल्ली होती. आपण इतके दिवस फळीवरचा डबा बघत राहिलो आणि हे समोर असून बघितलं नाही.

"तुम्ही दोघं आईंना बोलताय," जिज्ञासा पुढे म्हणाली, "पण लपवलं आम्ही. चुकलं ते. त्यांनी तर सगळ्यांसमोर विचारलं. आपल्यापैकी कोणी विचारलं नव्हतं."

गयाबाई उठायच्या बेतात होती. काशीनं तवा उतरवला, हात धुतले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाय, मला बरं वाटलं, ते खरं हाय. चाळीस वर्सं ज्याचं बोलनं खाल्लं त्याला नाव मिलालं, तं बरं वाटनारच. पन तुझा रक्त बघायला लावते ते त्याच्यासाठी नाय. तुझ्या लेकीला कितवा महिना?"

गयाबाई उठता उठता परत टेकली. तिची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"आईकडून पोराला येतो, असं डॉक्टर बोलला. तुझ्या अंगात असला तं तुझ्या पोरीत असंल. तिच्यात असला तं त्या पोटातल्या जिवाला जाईल. पन जल्मल्या जल्मल्या टोचलं तं बहुतेक अडतो. हे आधी ठाव असायला लागतं. सासूच्या टायमाला कोनाला काय ठाव नव्हतं. म्हनून तिनं तिघांना दिला, नाय दिला, तिचा तिलाच कळला नाय. तिचा काय दोष हाय त्याच्यात?"

हरिचंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"तिच्या सासरी कळलं तं?" गयाबाईनं विचारलं. आवाज बदलला होता.

"तिच्या सासरी सांगू नको. डॉक्टरला सांग."

"अंबरनाथात नको," गयाबाई म्हणाली. "तिथं सगली ओलखतात. बदलापुरात तं नकोच."

"उल्हासनगरला जाऊ," जिज्ञासा म्हणाली. "मी येते बरोबर. आत्या, दोघींना घेऊन जाते, कोणाला कळणार नाही."

गयाबाईनं मान डोलावली. हरिचंद्र चपला पायात सरकवून अंगण ओलांडून निघून गेला. त्यानंतर तो सकाळचा झोपाळ्यावर यायचा बंद झाला.

गयाबाईच्या रक्तात विषाणू निघाला. तिच्या लेकीच्याही. जिज्ञासानं फोनवर सांगितलं तेव्हा काशी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला वाटलं होतं, असं निघालं तर आपलं म्हणणं खरं ठरेल. पण खरं ठरल्याचा आनंद कुठं सापडेना. तिच्या डोळ्यांपुढे गयाबाईची लेक येत राहिली, परकर-पोलक्यात याच अंगणात चिंचा वेचणारी.

*

ऑपरेशनच्या सकाळी भगवंताला निळा गाऊन घातला. धर्मेश खाली औषधं आणायला गेला होता. काशी पलंगाशी बसली.

"तुला काय वाटलेलं?" भगवंतानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"वाटलं ते वाटलं."

"लच्छूशेठच्या दुकानात दुसरी कोन नव्हती. तो आन मी पत्ते खेलायचो. तुला पत्ते आवडत नाय म्हनून बोललो नाय कवा."

काशीला हसू आलं आणि ते तिनं पदरात लपवलं. "मंग त्या दिसांत बोलला का नाय? मी ओट्याशी उभी राहून जेवत व्हते."

"काय बोलनार?" भगवंत छताकडे बघत म्हणाला. "तू इतकी संशयानं बघायचीस, मलाच माझा संशय यायला लागलेला. वाटायचं, काय केलं असंल का आपन आन विसरलो असू?"

वॉर्डबॉय आला. काशीनं भगवंताच्या अंगावरची चादर नीट केली, पायाशी दुमडली, पुन्हा नीट केली. गाडी सरकली.

बाहेरच्या बाकांवर धर्मेश आणि ती. गयाबाईचा फोन येऊन गेला. दुपार उतरली तरी आतून निरोप नव्हता. मग एक नर्स घाईनं बाहेर आली आणि रक्ताच्या पिशव्या घेऊन आत गेली. काशी उठून उभी राहिली. धर्मेश म्हणाला, "आई, तयारी म्हणून नेतात," पण त्याचाही चेहरा उतरला होता. तिच्या मनात आलं, पोट उघडलं. रक्त आवरलं नाही. आणि हे आपल्याला सगळ्यांत शेवटी सांगतील.

डॉक्टर बाहेर आले ते सरळ तिच्याकडेच आले, धर्मेशकडे नाही.

"मधे थोडं रक्त वाहिलं. एका शिरेला टाका घ्यावा लागला. पण पोट उघडायची वेळ आली नाही. गाठ आख्खी निघाली. तुम्हाला बघायची असेल तर फोटो आहे."

"बघते," काशी म्हणाली.

फोटोत तपकिरी तुकडा होता, मटणाच्या दुकानातल्या काळजासारखा, आणि मधे पांढरट गोळा. तिनं तो बराच वेळ बघितला.

"आता बरं झालं म्हनायचं?"

"ही गाठ गेली. कापलेला काठ स्वच्छ आहे का, म्हणजे तिथं कॅन्सर उरला नाही ना, ते तपासणीत कळेल. विषाणू अजून आहे, त्याच्यासाठी गोळी रोज, जन्मभर. आणि यकृत कडक आहे म्हणून दर काही महिन्यांनी सोनोग्राफी. नवी गाठ आली तर लहान असतानाच धरायची."

काशीला हे आवडलं. कोणी तरी एकदाचं तिला अर्धवट न सांगता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी भगवंत उशीला टेकून बसला होता आणि उजवा खांदा दुखतो म्हणत होता. त्याच वेळी हरिचंद्र आला. हातात शहाळं, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यानं पोटावरच्या चिकटपट्ट्या बघितल्या, एकेक.

"खांदा कंला दुखतो? कापला पोटात ना?"

"गॅस भरलेला, त्यानं दुखतो, दोन दिसांत जातो," काशी म्हणाली. "मी सकाळीच विचारलं."

"आन गाठ काढली ती बघितली कोनी?"

धर्मेशनं मोबाइल पुढे केला. हरिचंद्रानं फोटो बघितला, बोटांनी मोठा केला. मग मोबाइल परत दिला आणि भगवंताच्या पायाशी बसून राहिला. भावाचा पाय चादरीवरून दाबू लागला. शहाळं टेबलावर तसंच राहिलं.

थोड्या वेळानं काशी पाणी आणायला बाहेर पडली, तर तो मागोमाग आला.

"वयनी. गयाला गोल्या चालू केल्या?"

"तिला अजून नको बोलले. नुसती तपासत राहायची. लेकीला चालू केली, पोराला लागू नये म्हनून. बाल झाल्याबरोबर टोचनार."

तो चालत राहिला. जिन्याशी आल्यावर थांबला. "माझ्या पायाला दोन महिने झालं सूज येते सांजची. बायकोला वाटतंय उभा राहून येते."

काशीनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिच्या लक्षात आलं, हा माणूस पहिल्या दिवसापासून घाबरलेला होता. झोपाळ्यावर बसून त्यानं भावावर बोट ठेवलं, तेव्हाही घाबरलेलाच होता. बाईनं झालं असं ठरलं असतं तर ते भावापाशीच थांबलं असतं. आईनं दिलं म्हटलं की त्याच्यापर्यंत येत होतं.

"रक्त तपासतात ते खालच्या मजल्याला हाय," ती म्हणाली.

"निघाला तं?"

"निघाला तं गोली चालू करायची आन सोनोग्राफीला बसायचं. नाय निघाला तं घरी जाऊन जेवायचं."

"गावात कोनाला..."

"भावोजी, या घरात मी बोलनी ऐकलीत. बोलून दाखवायची मला सवय नाय."

हरिचंद्रानं तिच्या नजरेला नजर दिली नाही. ती जिना उतरू लागली, तसा तोही कठड्याला धरून उतरला. खाली काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, ते त्यानं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ते ऐकूच गेलं नाही. मग तो खुर्चीत बसला, इस्त्रीची बाही कोपराच्या वर सारली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. काशी शेजारच्या खुर्चीवर बसली. पाण्याची रिकामी बाटली तिच्या मांडीवर होती.

"सुई लहान असते," ती म्हणाली. "मला कळली पन नाय."